लाल गाडीचं नवं नाक

दादा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी विहारात भांडण केलं. वस्तीतली माणसं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. "मयताच्या कार्यात असं करतेत व्हय?" असं पारूमावशी मला तोंडावर म्हणाली. तू असतास तर तूही तेच म्हणाला असतास, फक्त हळू आवाजात, आणि वर "जाऊ दे, शोभे" असं जोडलं असतंस. तुझ्या त्या "जाऊ दे"नं मी आयुष्यभर बेजार झाले. म्हणून काय झालं ते मीच तुला सांगते, आणि पहिल्यापासून सांगते. तुला ठाऊक आहे तेही सांगते. कारण आपलं ते भांडण अर्धंच राहिलं आणि तू मधूनच उठून गेलास.

तुझी पुण्याची कंपनी बंद पडली आणि तू गावी परत आलास, तेव्हा मला वाटलं तू आता शेळ्या पाळशील, नाहीतर कळंबला एखादं दुकान टाकशील. उभं आयुष्य पेंट शॉपमध्ये दुसऱ्यांच्या गाड्या रंगवल्यास. वहिनी गेली, मूलबाळ नाही. माणूस आता गप घरी बसेल असं सगळ्यांना वाटलं. तर तू बार्शीला गेलास आणि टेम्पोत घालून ती गाडी घेऊन आलास. एका व्यापाऱ्याच्या गोदामामागं ताडपत्रीखाली सडत पडलेली. लाल, बुटकी, वरून उघडी, दोनच माणसांची. ज्या कंपनीनं बनवली तिनंच ती बनवायची बंद करून किती वर्षं झाली होती. मी एसटीतली ड्यूटी संपवून आले, बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"दादा, दोनच सीटा? आन् ज्वारीचं पोतं कुठं ठिवायचं?"

"पोत्यासाठी न्हाय आणली."

"मग कशासाठी?"

तू नुसता हसलास. मग म्हणालास, "अशा किती गाड्या ह्या हातानं रंगवल्या. एकीत बी बसलो न्हवतो."

इंजिन एका साध्या छोट्या गाडीचंच होतं, त्याचे पार्ट कळंबमध्येही मिळाले. अंग मात्र फायबरचं, आणि ते त्या वेळी धड होतं. तू ते घासलंस, रंगवलंस. एका दुपारी तू कळंबच्या स्टँडबाहेर ती उभी करून माझी वाट बघत बसलास. आमचे ड्रायव्हर लोक बाहेर येऊन बघायला लागले. एक जण म्हणाला, "शोभाताई, आता तिकीट कोण फाडणार?" मी तिकिटाचं मशीन आणि बॅग जमा केली आणि खाकी साडीवरच गाडीत बसले. बसले म्हणजे, पडलेच. इतकी खाली सीट. आयुष्य एसटीत उभं राहून गेलेलं, रस्ता कायम उंचावरून बघितलेला. त्या दिवशी तो अंगाखालून सरकत होता. येरमाळ्याच्या हायवेला लागल्यावर तू जरा वेग वाढवलास आणि माझा अंबाडा सुटला. मी ओरडले, "हळू हाक!" आणि तू पहिल्यांदा माझं ऐकलं नाहीस. त्या एका दुपारसाठी मी तुझी कायमची ऋणी आहे दादा. हे तुला बोलले नव्हते, आज बोलते.

मग आपल्या प्रज्ञाचं लग्न आलं.

माझी लेक, पण हट्ट तुझ्याकडं. हळद मामाच्याच घरी, आणि कार्यालयात जायचं ते मामाच्याच गाडीतून. आपल्या वस्तीतून हायवेला जायला ओढ्याकडचा रस्ता आहे. आपल्या सगळ्या वराती त्याच रस्त्यानं जातात. कुणी नको म्हणून सांगितलेलं नाही, कुठं लिहून ठेवलेलं नाही. फक्त वाद नको म्हणून. दुसरा रस्ता गावातून, पारावरून, वेशीतून. तू ओढ्याकडं वळायला लागलास तशी ती पोर म्हणाली, "मामा, वेशीतून घे. गावानं बघू दे की नवरी."

तू माझ्याकडं बघितलंस. मी मागं लागूनच जीपमध्ये होते, मला ऐकू आलं. मी हो म्हणून मान हलवली. आणि तू वेशीतून गेलास. छत उघडं, नवरी पुढच्या सीटवर, शालू वाऱ्यानं फुगलेला. पारावरची माणसं उठून उभी राहिली होती. काही हसत होती, काही नाही. एक म्हातारी हात वर करून पोरीला आशीर्वाद देत होती, तेही मी बघितलं. सगळं गाव वाईट होतं असं मी कधीच म्हणाले नाही. पण बास, तेवढंच झालं होतं. आपण कुणाला बोललो नाही, घोषणा दिल्या नाहीत, डीजे नव्हता. एक पोरगी गाडीत बसून आपल्याच गावातून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. "शोभे, ये जरा."

गाडीचं नाक फुटलं होतं. पुढचा बंपर तीन तुकडे होऊन खाली, बॉनेटला भगदाड, डावीकडचा दिवा वायरीवर लोंबकळत होता. मारलेला धोंडा प्रज्ञा बसली होती त्याच सीटवर पडला होता. तू तुकडे गोळा करून पोत्यावर मांडत होतास, जसं काही चिकटवून होणार होतं. पारूमावशीनं आबाच्या पोराला, सूरजला, आणि आणखी दोघांना पळताना बघितलं होतं. तिनं तेव्हा मला सांगितलं. आता विचारलं तर म्हणते, "मला कमी दिसतं बाई."

मी तिथल्या तिथं म्हणाले, "चल, केस करू."

"थांब."

"कशापायी थांबायचं?"

"कालच पोरगी नांदायला गेली. तिच्या सासरी काय सांगायचं? पहिल्याच दिवशी पोलीस?"

तेवढ्यासाठी मी थांबले. संध्याकाळी आबा आला. गावातला वजनदार माणूस, पण तुझ्यासाठी आबाच. दहावीपर्यंत तुम्ही एका बाकावर बसलेले. मी आत भांडी आवरत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"मिलिंद, पोरगं चुकलं."

तू खुर्ची सरकवून दिलीस.

"पिऊन होते. पोरंच ती. त्याचं पोलीस भरतीचं ग्राउंड निघालंय. केस झाली की झालं मग त्याचं. तुला ठाऊक हाय, दोन वर्षं झाली पळतंय सकाळ-सकाळ."

"त्यानं सांगितलं का, कशापायी फोडली?"

"आता त्येला काय अर्थ असतोय का? पोरांचं डोकं."

मी चहा घेऊन बाहेर आले. आबा उठला. "नको, आत्ताच घेतला," म्हणाला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्या माणसानं आपल्या घरचा चहा एकदाही घेतला नाही आणि ते तुला दिसलं नाही, असं मी मानत नाही. तुला दिसत होतं. तू त्याला निरोप द्यायला फाटकापर्यंत गेलास आणि परत येऊन म्हणालास, "केस करायची न्हाय."

आपलं खरं भांडण तिथं सुरू झालं. मी म्हणाले, मी करते, ॲट्रॉसिटीची करते. तू म्हणालास, गाडी माझी हाय. मी म्हणाले, "गाडी तुझी हाय, पण धोंडा गाडीला न्हवता मारला." तू म्हणालास, "एका पोराची जिंदगी जाती, शोभे." मी म्हणाले, "आन् आपल्या पोरीची इज्जत?" त्यावर तू उठून बाहेर गेलास आणि तुकड्यांवर चादर टाकलीस.

आणि प्रज्ञाला सांगितलंस काय, तर ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना नाकाला लागली. मलाही शपथ घातलीस. मी ती पाळली, कारण पोरगी नवी नवरी होती. मग दिवस गेले, आणि खोटं एकदा बसलं की बसलं.

त्यानंतर तू नाक शोधायला लागलास. त्या दीड-दोन वर्षांत तू माझ्याशी जेवढं बोललास त्यातलं निम्मं त्या नाकाबद्दल होतं. कळंबच्या इक्बालभाईंनी गाडी बघून मान हलवली. "मिलिंददादा, पत्रा असता तर ठोकून काढला असता. ह्ये फायबर हाय. फुटलं म्हंजी फुटलं." कंपनीकडं तर पार्ट नव्हतेच, कंपनीला स्वतःलाच ती गाडी आठवत नव्हती. मग तू मोबाईलवर त्या गाड्या बाळगणाऱ्या लोकांच्या ग्रुपमध्ये शिरलास. कुणी गोव्याचा, कुणी नागपूरचा. सगळे एकमेकांना दिवे, काचा, आरसे विचारत बसलेले. माणसं हरवल्यावर नातेवाईक फोटो पाठवतात तसे फोटो. त्यातूनच तुला कोल्हापूरकडचा तो साचेवाला मिळाला. बंद पडलेल्या गाड्यांची अंगं बनवून देणारा. त्याच्याशी तू तासन् तास बोलायचास. माझ्याशी केसबद्दल बोलताना तुला दम लागायचा, त्याच्याशी बंपरच्या वळणाबद्दल बोलताना नाही.

पहिलं नाक आलं ते ट्रॅव्हल्सच्या टपावर बांधून. येरमाळ्याच्या फाट्यावर उतरवलं, तिथून छोट्या टेम्पोनं घरी. पांढरं, पातळ, कोऱ्या ताटासारखं. तू लावून बघितलंस तर एक बाजू बोटभर उघडी आणि दिव्याचं भोक भलतंच मोठं. दुसऱ्याच सालच्या गाडीवरून साचा काढला होता त्यानं. फोनवर तो तुला म्हणाला, "काका, घासून बसवा, कुणाला कळत नाही." तू म्हणालास, "मला कळतंय." परत पाठवलंस.

मग त्यानं तुला फोटो पाठवायला सुरुवात केली. नाहीतरी नवंच बनवायचं, तर चेहराच नवा करा की. रुंद जबड्याचा बंपर, जाळीचं तोंड, बॉनेटवर हवा घ्यायला फुगवटा, मागं पंख. तू ते फोटो मला दाखवलेस आणि तेवढ्यापुरती मला मजा आली. आठवतंय ना, आपण दोघं ओट्यावर बसून बघत होतो. त्यातला एक मला फार आवडला. अगदी दात विचकल्यासारखा.

"हे घे," मी म्हणाले. "जरा दात दिसू दे तिचे."

"नको. होती तशीच पाहिजे."

"कशापायी? मिळतंय तर घे की नवं."

"होती तशी झाली की फुटली व्हती हे कुणाला कळणारसुद्धा न्हाय."

दादा, मी फोन खाली ठेवला होता. आठवतंय? मी म्हणाले होते, "कळू दे की! मला तर वाटतं फुटकीच ठेव. रोज वेशीतून ने. बघू दे सगळ्यांना, काय केलंय ते."

तू म्हणालास, "मला रोज तिच्याकडं बघायचंय. त्यांना न्हाय."

मी उठून आत गेले. पण आत गेले म्हणून मला पटलं असं समजू नकोस.

होती तशी करायची तर बरोबर त्याच सालची धड गाडी पाहिजे, तिच्यावरून साचा काढायला. ती सापडली सोलापुरात, एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं. साचेवाला तिथं यायला तयार झाला. तू मला म्हणालास, चल संगं. मी रजा टाकली आणि आपण बसनं गेलो. डॉक्टरांची गाडी निळी होती, पण बहीण वाटावी अशी तुझ्या गाडीची. साचेवाल्यानं तिच्या नाकाला मेण चोळलं, वर चिंध्यांसारखं कापड आणि तो उग्र वासाचा चिकट रस थरावर थर चढवला. तू तिथंच बसून होतास, आजाऱ्याजवळ बसावं तसा. डॉक्टर भले माणूस. त्यांनी आपल्याला जेवायला घातलं आणि जेवताना सहज विचारलं, "तुमची कशी हो फुटली?"

मी तुझ्याकडं बघितलं. तिथं आपल्याला कोण ओळखत होतं? आबा नव्हता, सूरज नव्हता, पोरीचं सासर नव्हतं. ह्या एका अनोळखी घरात तरी तू खरं बोलशील असं मला वाटलं.

"ट्रॅक्टर," तू म्हणालास, आणि भाकरी मोडलीस.

परतीच्या बसमध्ये मी तुझ्याशी बोलले नाही. तुळजापूर गेलं, धाराशिव गेलं. येडशीच्या पुढं तू म्हणालास, "राग आला?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. तू म्हणालास, "मला सांगायला लाज वाटती, शोभे." मी वळून म्हणाले, "लाज त्यांना वाटायला पाहिजे." "त्यांना वाटत न्हाय ना," तू म्हणालास. "कुणाला तरी वाटणारच."

हे एवढंच तू त्या प्रकरणाबद्दल मनातलं बोललास. मग कंडक्टर आला, माझ्या ओळखीचा निघाला, आणि विषय गेला तो गेलाच.

दुसरं नाक बरोबर बसलं. तू मला फोन करून बोलावलंस. आले तेव्हा तू त्यावर राखाडी प्राइमर मारून बसला होतास. मग अंगणात चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधून, पाणी मारून धूळ बसवून, स्वतःच्या हातानं रंगवलंस. जुना लाल उन्हानं जरा विटलेला, नवा लाल तेवढाच विटलेला करायला तू कितीदा रंग बनवलास आणि फेकलास. शेवटी असा जुळवलास की मलाही शिवण सापडेना. मी बोट फिरवून शोधत होते आणि तू हसत होतास. तुझं काम बघून मला अभिमान वाटला, आणि त्याच अभिमानाची मला चीडही आली. इतकं चांगलं काम तू त्यांच्या पापावर पांघरूण घालायला वापरलंस.

"बस, येरमाळ्याला चहा घिऊन येऊ," तू म्हणालास.

"केस करशील त्या दिवशी बसते."

सूरज तोवर भरती झाला होता. आबानं गावात पेढे वाटले होते. तुझ्याकडंही पुडा पाठवला होता. मी तो तुझ्यादेखत शेजारच्या शेळीला घातला.

त्यानंतर मी त्या गाडीत बसले नाही. तू एकटाच चालवायचास. तूही वेशीतून कधी गेला नाहीस, हे मी लोकांना विचारून ठेवलं होतं. ओढ्याकडूनच. होती तशी गाडी आणि होता तसाच रस्ता.

आणि मग तू गेलास. ओट्यावर बसल्या बसल्या, सकाळचं ऊन अंगावर घेत. दवाखान्यात नेण्याइतकाही वेळ दिला नाहीस. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं. आलं असेल. ज्यांचं भांडण अर्धवट राहिलं त्यांना मेलेल्या माणसाचं चांगलं मरण काय कामाचं?

आता विहारातलं सांगते. भंतेजींनी वंदना घेतली. मग तुझ्याबद्दल बोलायला माणसं उठली. कंपनीतले तुझे दोघं पुण्याहून आले होते, इक्बालभाई बोलले, बोलता बोलता रडले. आणि मग आबा उठला. पांढरे कपडे, हातात रुमाल. चांगला बोलतो, तुला माहीत आहे. म्हणाला, मिलिंद माझा जिवलग. एका बाकावर वाढलो. म्हणाला, "ह्या माणसानं जल्मात कुणाची तक्रार केली न्हाय. आपल्या गावात कधी भेद नव्हता, नाही, आणि मिलिंदसारखी माणसं होती म्हणून नव्हता."

लोक माना डोलवत होते. माझ्या शेजारी प्रज्ञा बसली होती, तिचं लेकरू मांडीवर.

मी उठले. मला उठायचं नव्हतं दादा. खरंच नव्हतं. पाय आपोआप उभे राहिले. मी म्हणाले, "आबा, गाडीचं सांगा."

तो थांबला. "शोभाबाई, ही वेळ न्हाय."

"वेळ कवा येती ते सांगा. प्रज्ञाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आलती, तवा तुमीच नको म्हणला. धोंडा कुणी मारला, कशापायी मारला, अन् माझा भाऊ का गप बसला, तेवढं सांगा. मग खुशाल जिवलग म्हणा."

कुणी तरी मला खाली ओढलं. आपल्याच वस्तीतले दोघं म्हणाले, "बस ग, बस." आबानं रुमाल खिशात घातला, तुझ्या फोटोला हात जोडले आणि निघून गेला. आणि मग नावं ठेवली गेली ती मला. त्याला नाही.

घरी आल्यावर, लेकराला झोपवून, प्रज्ञानं विचारलं, "आई, ट्रॅक्टर न्हवता?"

"न्हाय."

"मीच म्हणले व्हते मामाला, वेशीतून घे म्हणून."

तेव्हा मला कळलं की तुझ्या शपथेचं अर्धं कारण हे होतं. सासर नव्हे, सूरजची भरती नव्हे, किंवा ती दोन्ही होतीच, पण खाली हे होतं. पोरीला कधी वाटू नये की आपल्या हौसेपायी मामाची गाडी गेली. ते तू मला एकदा तरी सांगायचं होतंस. पोर भिंतीकडं तोंड करून पडली, आणि तू इतकी वर्षं झाकून ठेवलेलं मी एका दमात उघडं केलं होतं. तरी मी चुकले असं मी म्हणणार नाही. सकाळी तीच मला म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. पण मला आधी सांगायचं व्हतं. मी बी गेले असते मामासंगं पोलिसात." बघ. जिच्यासाठी तू गप्प राहिलास ती बोलायला तयार होती.

ह्यानंतर सूरज आला. मी तुझ्या घरी कपडे वेगळे काढत बसले होते, दुपारची. फाटकाशी उभा. साध्या कपड्यांत, केस बारीक कापलेले, अंगानं भरलेला. मी उठले नाही.

"आत्या."

"मी तुझी आत्या कवापासून?"

"काकांनी सांगितलं व्हतं, शोभाआत्या म्हन म्हणून."

"कोणत्या काकांनी?"

त्यानं गाडीकडं बघितलं. मग उभ्या उभ्याच सांगितलं. ट्रेनिंगमधून पहिल्या सुट्टीला आला तेव्हा तो तुझ्याकडं आला होता, माफी मागायला. तू नवं नाक बसवत होतास. एकट्याला पेलत नव्हतं. तो काही बोलायला गेला तर तू म्हणालास, बोलत काय बसलास, धर ते तिकडून.

"मग?"

"धरलं. दुपारभर. काका बोल्ट आवळत व्हते."

"आन् माफी?"

"बोलताच आलं न्हाय. बोलायला लागलो की काका म्हणायचे, हात हलू देऊ नको."

दादा, माझ्या हातातला तुझा सदरा मी तसाच धरून बसले. तू त्याला घरात घेतलंस. काम दिलंस. आत्या म्हणायला शिकवलंस. आणि मला फोन करून बोलावलंस ते सगळं झाल्यावर, राखाडी प्राइमर वाळल्यावर. तुमचं दोघांचं मिटलं होतं. मी एकटीच रागात जळत होते, रोज कळंब-बार्शी करत, प्रवाशांवर खेकसत, आणि तू मला एवढंसुद्धा सांगितलं नाहीस की पोरगं आलं होतं. भीती वाटली का, मी त्याला हाकलून देईन म्हणून? दिलं असतं. पण ते माझं मला ठरवू द्यायचं होतंस.

"मग आता कशाला आलास?" मी विचारलं.

"तुमी विहारात बोलला ते कळलं. आमचे वडील लई चिडलेत. म्हणलं, तुमच्यापाशी बोलावं. काकांपाशी राहिलं."

"बोल मग. माझ्यापाशी धरायला काही न्हाय. बोल."

त्याची मान खाली. "चुकलो, आत्या."

"चुकलो न्हवं. काय केलंस ते बोल."

"गाडी फोडली."

"कुणी?"

"म्या फोडली."

"का?"

इथं तो अडकला. भला मोठा बाप्या, पोलिसातला, आणि तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्या ओट्यावर पारूमावशी शेंगा फोडायची थांबली होती. मी म्हणाले, "जा मग. तुझा बाप विहारात बोलला तेच तुझं."

"प्रज्ञाताई वेशीतून गेली म्हणून," तो म्हणाला. "म्हणून फोडली. तुमची पोरगी तिथनं गेली म्हणून."

"मोठ्यानं."

त्यानं मोठ्यानं म्हटलं. पारूमावशीनं ऐकलं, समोरच्या दोन घरांनी ऐकलं. रडला तो. मी नाही रडले. तो पाया पडायला वाकला तेव्हा मी पाय मागं घेतले. त्याला म्हणाले, "हे तुझ्या बापाला सांग, मला सांगितलंस असं. अन् परत जाताना प्रज्ञाकडं जा. तिला बी असंच सांग, का ते सांग. तिनं दारात घेतलं तर बस, न्हाय घेतलं तर वापस ये."

तो गेला. प्रज्ञाचा काल फोन आला होता. तो तिच्याकडं गेला, तिनं दारातच ऐकून घेतलं आणि दार लावलं. "माफ न्हाय केलं मी," ती म्हणाली. "पण ऐकलं."

दादा, केस राहिली. ती आता कोण करणार, साक्ष कोण देणार, पारूमावशीला परत कमी दिसायला लागलं असेल. मला केस हवी होती ती त्या पोराला जेलात बघायला नव्हती. मला ते एक वाक्य हवं होतं, भर दिवसा, त्याच्या तोंडून. तुझ्यासमोर तो ते बोलायला आला होता आणि तू त्याच्या हातात बंपर दिलास. तुला ते ऐकायचं नव्हतं. ऐकलं असतंस तर तुलाही जड गेलं असतं, हे मला आज कळतं. पण मग मी होते ना. मला हाक मारायची होतीस. तू बोल्ट आवळत बसला असतास, मी ऐकून घेतलं असतं.